डीटी-८३०डी : पिवळ्या मल्टिमीटरवर काढलेले ओहम आणि वॉट कितपत खरे?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, 'साधा मल्टिमीटर द्या' म्हटलं की दुकानदार न विचारता हाच काढतो. पिवळं अंग, मधोमध गोल नॉब, खाली तीन भोकं, सोबत एक लाल आणि एक काळी वायर. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आतली रचना एकच आणि किंमत दोन-तीनशे रुपयांत. कॉलेजच्या प्रयोगापासून घरच्या दुरुस्तीपर्यंत व्होल्टेज आणि करंट मोजून रेझिस्टन्स आणि पॉवर काढायला बहुतेक लोक हाच वापरतात. म्हणून इथे याच्या बझरची किंवा ट्रान्झिस्टर तपासायच्या सॉकेटची चर्चा नाही. मोजलेल्या दोन आकड्यांवरून काढलेला तिसरा आकडा खरा निघतो का, एवढंच बघायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. डीसीवर, २० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअरच्या आत, हा मीटर किमतीच्या मानाने फार चांगला आहे. १० अँपिअरची रेंज कामचलाऊ आहे आणि निष्काळजी हातात धोकादायक. २३० व्होल्टच्या उपकरणाचे वॉट काढायला मात्र हा मीटर नाहीच, कारण याला एसी करंट मोजताच येत नाही. नॉबवर 'ए' अक्षर दिसलं की लोक फसतात. तिथल्या सगळ्या रेंज डीसीच्या आहेत.

डिस्प्ले १९९९ पर्यंत जातो. त्यापुढे डावीकडे नुसता '१' उरतो, म्हणजे रेंज अपुरी पडली. अचूकता कागदावर डीसी व्होल्टला साधारण अर्धा टक्का अधिक शेवटचे दोन अंक आणि करंटला रेंजनुसार एक ते तीन टक्के. या 'शेवटच्या दोन अंकां'कडे कुणी बघत नाही, आणि गफलत तिथेच होते. १.५ व्होल्टचा सेल २० व्होल्टच्या रेंजवर १.५० दिसतो. त्यात दोन अंक म्हणजे ०.०२ व्होल्ट, अर्धा टक्का आणखी, मिळून चूक जवळपास दोन टक्के. तोच सेल २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर १५०० दिसतो आणि चूक साडेनऊ मिलिव्होल्टवर येते, म्हणजे ०.६ टक्के. तेव्हा व्होल्ट मोजताना आकडा मावेल ती सर्वांत लहान रेंज घ्यायची. भागाकार असो वा गुणाकार, दोन्ही मोजमापांच्या टक्क्यांची बेरीज होते. व्होल्ट ०.६ आणि करंट १.५ टक्के चुकला, तर ओहम आणि वॉट दोन्ही वाईटात वाईट २.१ टक्क्यांनी चुकतील. पॉवर जर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स अशी काढली तर करंटची चूक दुप्पट मोजली जाते. म्हणून दोन्ही आकडे हाताशी असतील तर सरळ व्होल्ट गुणिले अँपिअर करा.

एककांची एक सोय लक्षात ठेवली की शून्यांचे घोटाळे थांबतात. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं तर उत्तर थेट किलोओहममध्ये येतं, आणि व्होल्टला मिलिअँपिअरने गुणलं तर मिलिवॉटमध्ये. ५ व्होल्ट आणि २.५ मिलिअँपिअर म्हणजे २ किलोओहम आणि १२.५ मिलिवॉट.

मीटर स्वतः सर्किटमध्ये शिरतो तेव्हा

करंट मोजायला मीटर सर्किट तोडून मध्ये बसवावा लागतो, आणि त्याच्या आतला शंट (करंट ज्यातून जातो तो लहानसा रेझिस्टर) तुमच्या सर्किटचा भाग बनतो. या मीटरची मिलिअँपिअरची प्रत्येक रेंज पूर्ण भरली की शंटवर ०.२ व्होल्ट पडतात. त्यावरून शंट काढता येतो: २०० मिलिअँपिअरला १ ओहम, २० मिलिअँपिअरला १० ओहम, २ मिलिअँपिअरला १०० ओहम. १० अँपिअरच्या रेंजचा शंट ०.०१ ओहमचा, तिथे पूर्ण करंटला ०.१ व्होल्टच पडतात. फ्यूज आणि वायरींचा रेझिस्टन्स वेगळा.

५ व्होल्टवर २२० ओहम आणि लाल एलईडी घ्या. एलईडीवर २ व्होल्ट पडले तर करंट ३ भागिले २२०, म्हणजे १३.६ मिलिअँपिअर. २० मिलिअँपिअरची रेंज लावली की सर्किटमध्ये १० ओहम वाढतात आणि डिस्प्लेवर १३.०४ दिसतं. २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर १३.५ किंवा १३.६. दशांशाची दोन स्थळं दाखवणारी रेंज जास्त खोटं बोलते आणि एकच स्थळ दाखवणारी खऱ्याच्या जवळ जाते. व्होल्टसाठी लहानात लहान रेंज हा नियम करंटला जसाच्या तसा लावू नका. सर्किटचं व्होल्टेज पाच-सातच असेल तर करंटसाठी एक पायरी वरची रेंज घेणं बऱ्याचदा शहाणपणाचं.

याहून चांगला मार्ग म्हणजे सर्किट तोडूच नये. सप्लाय बंद करून २२० ओहमचा रेझिस्टर आधी ओहम रेंजवर मोजा (एक टोक सर्किटमधून सोडवून, नाहीतर शेजारचे भागही मोजमापात येतात). मग सप्लाय चालू करून त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज घ्या. ३.०० व्होल्ट भागिले मोजलेले ओहम, झाला करंट. या मीटरची व्होल्ट आणि ओहम मोजण्याची बाजू त्याच्या करंटच्या बाजूपेक्षा पक्की आहे, तिचाच फायदा घ्यायचा.

व्होल्टमीटर म्हणून याचा अंतर्गत रेझिस्टन्स १ मेगाओहम आहे. महागड्या मीटरांत तो १० मेगाओहम असतो. पाच-दहा किलोओहमच्या सर्किटमध्ये हा फरक जाणवत नाही. पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये लावून खालच्यावर व्होल्टेज मोजा. ४.५ यायला हवेत, दिसतात ३. मीटर खालच्या रेझिस्टरला समांतर बसून त्याला अर्धा मेगाओहम करून टाकतो. विद्यार्थी इथे बॅटरीला दोष देतात.

यावरूनच ठरतं की व्होल्टमीटर कुठे जोडायचा. लहान रेझिस्टन्स असेल तर व्होल्टमीटर थेट त्याच्याच टोकांवर, म्हणजे अँमीटरवर पडणारं व्होल्टेज मोजमापात येत नाही. मोठा असेल तर व्होल्टमीटर अँमीटर आणि रेझिस्टर दोघांच्या बाहेरून, म्हणजे व्होल्टमीटरमधून जाणारा करंट अँमीटरमध्ये मिसळत नाही. लहान-मोठ्याची सीमा दोन्ही मीटरांच्या रेझिस्टन्सच्या गुणाकाराचं वर्गमूळ. २०० मिलिअँपिअरच्या रेंजला ती १ गुणिले दहा लाख यांचं वर्गमूळ, म्हणजे १ किलोओहम येते, आणि २० मिलिअँपिअरच्या रेंजला साधारण ३.२ किलोओहम. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारण्यासारखा आहे.

हे सगळं एका मीटरने होत नाही. आधी करंट मोजून, मीटर काढून, मग व्होल्ट मोजले तर ती दोन वेगळ्या सर्किटांची मोजमापं झाली. एवढ्या स्वस्तात मिळतो तर दोन घ्या. पाचशेचा एक घेण्यापेक्षा अडीचशेचे दोन या कामाला जास्त उपयोगी पडतात.

१० अँपिअरचं भोक

सगळ्यात वरचं भोक, शेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' छापलेलं. खरोखरच तिथे फ्यूज नाही. आत एक जाड तार वाकवून बसवलेली असते, तोच शंट. लाल वायर या भोकात राहिली आणि त्याच मीटरने कुणी सॉकेटचं व्होल्टेज बघायला गेला, तर ०.०१ ओहमची तार सरळ फेज-न्यूट्रलमध्ये आडवी पडते. एमसीबी उडेपर्यंत प्रोबची टोकं उडतात, मीटर फुटतो, हात भाजतो. नॉब व्होल्टवर असला तरी काही वाचत नाही, कारण हे भोक नॉबच्या जागेचा विचार न करता शंटलाच जोडलेलं आहे. करंट मोजून झाला की लाल वायर मधल्या भोकात परत, हा नियम हाताला लावून घ्यावा. खोक्यावर सुरक्षेची मोठी कॅटेगरी छापलेली असली तरी मेन बोर्डाच्या आत हा मीटर घालू नये.

अचूकतेतही ही रेंज दुबळी आहे. १.६ अँपिअर मोजताना तीन टक्के अधिक शेवटचे दोन अंक म्हणजे चूक चार टक्क्यांच्या वर. शिवाय सोबत मिळणाऱ्या बारीक वायरींचा जोडीचा रेझिस्टन्स पाव-अर्धा ओहम सहज भरतो. ५ व्होल्टच्या चार्जरमधून २ अँपिअर मोजायला गेलात आणि वायरी ०.३ ओहमच्या असल्या, तर ०.६ व्होल्ट तिथेच जातात. फोनला ४.४ व्होल्ट मिळतात आणि तो चार्जिंग कमी करतो. मीटर खरा करंट दाखवतो, पण तो करंट मीटर लावल्यावरचा.

यावर उतारा सोपा आणि स्वस्त आहे: ०.१ ओहम, ५ वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर. तो आखूड जाड वायरने सीरिजमध्ये बसवा आणि त्याच्या पायांच्या अगदी मुळाशी २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर व्होल्टेज घ्या. १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिअँपिअर. डिस्प्ले ०.१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणजे १ मिलिअँपिअरपर्यंत दिसतं, तेही २ अँपिअरपर्यंत. १० अँपिअरच्या रेंजवर तीच बारकाई १० मिलिअँपिअरची आहे. २ अँपिअरला रेझिस्टरमध्ये ०.४ वॉट जिरतात, तो जेमतेम कोमट होतो. मात्र बाजारातला सिमेंट रेझिस्टर साधारणतः ५ टक्क्यांचा असतो. तेव्हा एकदा दुसऱ्या मीटरच्या २०० मिलिअँपिअर रेंजमधून १५० मिलिअँपिअर सोडून बघा. १५.० मिलिव्होल्ट आले तर ठीक, १५.६ आले तर तो ०.१०४ ओहमचा. मार्करने अंगावर लिहून ठेवा.

वायरचं बंडल तपासणं

या मीटरचा खरा उपयोग इथे दिसतो. घराच्या वायरिंगसाठी आणलेलं १.५ चौरस मिलिमीटरचं ९० मीटर बंडल खरोखर तेवढ्या तांब्याचं आहे का? भारतीय मानकानुसार या जाडीच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स २० अंशांना किलोमीटरमागे जास्तीत जास्त १३.३ ओहम असावा. ९० मीटरचा झाला १.२० ओहम. २.५ चौरस मिलिमीटरला किलोमीटरमागे ७.९८, म्हणजे बंडलाला ०.७२ ओहम.

ओहम रेंजवर हे जमणार नाही. तिथे शेवटचा अंकच ०.१ ओहमचा, त्यात दोन अंकांची चूक, आणि प्रोब एकमेकांना टेकवले तरी अर्धा ओहम दिसतो. म्हणून व्होल्ट-अँपिअरची पद्धत. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी, करंट आवरायला इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, मग अँमीटर (किंवा वरचा सिमेंट रेझिस्टर), मग बंडल, सगळं सीरिजमध्ये. बल्ब पेटला की करंट दीड अँपिअरच्या पुढे स्थिर होतो. दुसऱ्या मीटरचे प्रोब बंडलाच्या उघड्या तांब्यावर टेकवा, मगरीच्या चिमट्यांवर नाही, आणि चिमट्यांच्या आतल्या बाजूला. चिमट्याच्या सांध्यातला रेझिस्टन्स वायरच्या खात्यात टाकायचा नाही. वायरचं वेटोळं सोडवायची गरज नाही, डीसीला त्याने फरक पडत नाही.

करंट १.६० अँपिअर आणि दिवस ३५ अंशांचा धरू. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागे साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणून मर्यादा १.२० वरून १.२७ ओहमवर जाते. व्होल्टेज २.०३ पर्यंत चालेल. २.०८ आले तर ते मीटरच्या चुकीत बसतात, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. २.५६ आले तर रेझिस्टन्स १.६ ओहम, म्हणजे १.५ च्या नावाखाली १.२ चौरस मिलिमीटरच्या आसपासचं तांबं, नाहीतर तांब्यात भेसळ. करंट आणि व्होल्ट मिळून पाच-सहा टक्क्यांची चूक वजा केली तरी हा माल उणाच. एक खबरदारी: बंडल ९० मीटरपेक्षा कमी भरलं तर रेझिस्टन्सही कमी येईल आणि बारीक वायर पास होईल. लांबीचा अंदाज वेगळा घ्या.

गिझर, इस्त्री आणि बल्ब

२३० व्होल्टच्या हीटरचे वॉट काढायला लोक ओहम मोजतात आणि व्होल्टच्या वर्गाला त्याने भागतात. हीटरच्या कॉइलला हे चालतं, कारण कॉइल ज्या निक्रोम तारेची असते तिचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही. २००० वॉटच्या गिझरला २६.४५ ओहम यायला हवेत, १००० वॉटच्या इस्त्रीला ५२.९, १५०० वॉटच्या पाण्याच्या रॉडला ३५.३. प्लग काढून, प्लगच्याच दोन पिनांवर, २०० ओहमच्या रेंजवर मोजा, आणि प्रोब टेकवून दिसणारा अर्धा-पाऊण ओहम वजा करा. गिझरला २५ ते २९ च्या दरम्यान आलं तर एलिमेंट ठीक. नुसता '१' आला तर लगेच एलिमेंट बदलायला सांगू नका. टाकीतलं पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅट उघडलेला असतो. पाणी गार होऊ द्या, थर्मोस्टॅटचा कट-आउट बघा, मग ठरवा. फेज पिन ते अर्थ पिन २००० किलोओहमच्या रेंजवर '१' राहिला पाहिजे. तिथे काही आकडा दिसला तर एलिमेंटच्या नळीत पाणी शिरलं आहे, गिझर वापरू नका. उलट '१' राहिला म्हणजे इन्सुलेशन निर्दोष असं मात्र नाही. हा मीटर फार थोड्या व्होल्टवर तपासतो, मेगर (इन्सुलेशन तपासायचं खास यंत्र) ५०० व्होल्टवर.

हाच गिझर २०५ व्होल्टवर चालला तर २००० नव्हे, १५८९ वॉट देतो. व्होल्टेज ११ टक्के घटलं की पॉवर २१ टक्के. उन्हाळ्यात गावाकडे पाणी तापायला वेळ का लागतो, ते व्होल्टेजच्या या वर्गात आहे.

फिलामेंटच्या बल्बवर ही युक्ती पूर्ण फसते. १०० वॉटच्या बल्बचा पेटलेला रेझिस्टन्स ५२९ ओहम, करंट ०.४३ अँपिअर. गार बल्ब मीटरवर चाळीसेक ओहम दाखवतो, आणि त्यावरून हिशोब केला तर १३०० वॉट निघतात. टंगस्टनचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर बारा-पंधरा पटींनी वाढतो. इथे चालू अवस्थेतले व्होल्ट आणि अँपिअर एवढाच मार्ग.

आणि एसीला व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे नेहमी वॉट नसतातच. जुन्या तांब्याच्या चोकची ३६ वॉटची ट्यूब ०.४३ अँपिअर घेते. गुणाकार ९९ येतो, खरी पॉवर त्याच्या जेमतेम निम्मी, कारण पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास. स्वस्त एलईडी बल्बांचीही तीच गत. यासाठी पॉवर फॅक्टर दाखवणारा प्लगमध्ये बसणारा वॉटमीटर घ्यावा, किंवा भिंतीवरचा महावितरणचा मीटर फुकट वापरावा. त्यावर '३२०० इम्प्‌/केडब्ल्यूएच' (एका युनिटमागे ३२०० लुकलुकी) किंवा '१६००' असं छापलेलं असतं आणि एक लाल दिवा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच उपकरण चालू ठेवा, लुकलुक मोजा, वेळ लावा. ३२०० च्या मीटरला वॉट = ११२५ गुणिले लुकलुक भागिले सेकंद. दहा लुकलुक ११.२५ सेकंदांत झाल्या तर १००० वॉट. २००० वॉटच्या गिझरला दहा लुकलुक साडेपाच सेकंदांच्या जरा वर होतात. नऊ वॉटच्या बल्बला मात्र एका लुकलुकीला सव्वाशे सेकंद, तिथे हा मार्ग कंटाळवाणा.

घेताना आणि वापरताना

बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी. ती उतरली की याचे आकडे कमी नव्हे, जास्त येऊ लागतात, कारण आतला संदर्भ व्होल्टेज खाली घसरतो. नवा सेल १.९ व्होल्ट दाखवू लागला तर आधी बॅटरी बदला. आपोआप बंद व्हायची सोय नाही. नॉब 'ऑफ'वर न्यायला विसरलात की बॅटरी संपलीच. मिलिअँपिअरच्या रेंज कायम शून्य दाखवत असतील तर फ्यूज गेला. काही कॉपींत तो सोल्डर केलेला असतो, तेव्हा दुकानातच मागचं झाकण उघडायला सांगा. होल्डरमधला काचेचा फ्यूज दिसला तरच घ्या. सोबत १ टक्क्याचे १०० ओहम, १ किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर न्या, काउंटरवर तिन्ही मोजा. एक टक्क्याच्या बाहेर गेला तर दुसरा पीस मागा. हे पीस एकसारखे नसतात.

चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरचं आउटपुट मोजायला हा घेऊ नका. सरासरीवरून साइन वेव्ह गृहीत धरत असल्याने तो अकरा टक्के जास्त दाखवतो. रोज मेन लाइनवर काम करणाऱ्या वायरमनने हा घेऊच नये. त्याने फ्यूज असलेला, ट्रू आरएमएस (वेव्ह कुठल्याही आकाराची असली तरी खरा आकडा दाखवणारा) मीटर आणि एसी क्लॅम्प (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) घ्यावा. नाशिकच्या ऋषभ आणि मोटवाने, नवी मुंबईच्या मेको यांची मापनयंत्रं आपल्याकडेच बनतात, किंमत मात्र कितीतरी पट. शिकणाऱ्याला, हॉबीवाल्याला, १२ व्होल्टच्या सोलर आणि बॅटरीच्या कामाला हे पिवळे दोन नग, एक ०.१ ओहमचा सिमेंट रेझिस्टर आणि सोबतच्या वायरींऐवजी सिलिकॉनच्या जाड वायरींची एक जोडी पुरे.